‘ग्रहलाघवा’तील लाघव : गणिताच्या भाषेचा एक विचार

‘लाघव’ हा शब्द आजच्या मराठी वाचकाला हस्तलाघव, शब्दलाघव अशा सामासिक रूपांतूनच प्रामुख्याने परिचित आहे. शास्त्रग्रंथांच्या परंपरेत मात्र तो एक काटेकोर पारिभाषिक शब्द होता. तेथे ‘गौरव’ हा दोष आणि ‘लाघव’ हा गुण. दोन नियमांनी जे साधते ते एका नियमाने साधले तर लाघव. चार अक्षरांऐवजी तीन पुरली तर लाघव. सूत्रातील अर्धी मात्रा वाचल्याने वैयाकरणाला होणाऱ्या आनंदाची जुनी थट्टा सर्वश्रुत आहे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील नांदगाव येथे शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्ये गणेश दैवज्ञाने जो करणग्रंथ रचला त्याच्या नावात हा शब्द आहे, आणि तो केवळ शोभेसाठी आलेला नाही. ‘ग्रहलाघव’ ह्या ग्रंथाचा आजवर जो विचार झाला तो बहुधा ज्योतिर्गणिताच्या अंगाने झाला. परंतु ग्रहांच्या मार्गाचे गणित ज्या भाषेत मांडले जाते ती भाषा त्या गणिताचे काय करते, त्यातील काय राखते आणि काय गाळते, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्याही कक्षेत येतो. पृथ्वीवरून सोडलेली याने चंद्रामंगळाभोवती फिरू लागल्यापासून मराठीत त्यांच्याविषयी विपुल लेखन होत आहे. अशा वेळी ह्या प्रश्नाकडे केवळ पुराणवस्तूंच्या कुतूहलाने पाहणे बरोबर होणार नाही.

गणेशाचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः थोर ज्योतिषी व ‘ग्रहकौतुक’ ह्या करणग्रंथाचे कर्ते होते. परंपरेने गणेशाचा जन्म १५०७ सालचा मानला जातो. तो मान्य केल्यास ग्रहलाघव हे तेरा वर्षांच्या मुलाचे काम ठरते, आणि ही गोष्ट आश्चर्याने सांगण्याची प्रथाही आहे. केशवाचे एक ग्रहणगणित चुकले, उपहास झाला, त्याने नांदगावच्या गणपतीची आराधना केली आणि देवच पुत्ररूपाने आला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, ज्या समाजात चुकलेले ग्रहण ही देवाच्या दारी नेण्याजोगी आपत्ती होती त्या समाजात ‘दृक्प्रत्यय’ ह्या शब्दाला किती वजन होते एवढे तिच्यावरून निश्चित कळते. आकाशात दिसते ते आणि पाटीवर येते ते जुळले पाहिजे, ही ती कसोटी. नांदगाव मुरुडच्या उत्तरेस आहे. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ १८९६ मध्ये मराठीत प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही मुरुडचेच. मात्र ते मुरुड दापोलीजवळचे, रत्नागिरी जिल्ह्यातले. ह्या दोन मुरुडांची गल्लत अनेकदा होते, म्हणून हा उल्लेख.

करणग्रंथ आणि सिद्धान्तग्रंथ ह्यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. सिद्धान्तकार कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासून दिवस मोजतो, भगणांच्या संख्या देतो, उपपत्ती सुचवितो. करणकार अलीकडचा एखादा शक आरंभ म्हणून धरतो आणि रोजच्या व्यवहाराला पुरेल अशी रीत देतो. कलियुगाच्या आरंभापासून मोजल्यास शके १४४२ च्या चैत्रारंभी अहर्गण, म्हणजे गेलेल्या दिवसांची संख्या, सोळा लाखांच्या पुढे जाते. सात अंकी संख्येला ग्रहाच्या गतीने गुणणे व भागणे हे पंचांगकर्त्याचे रोजचे कष्ट. गणेशाने अकरा वर्षांचे एक ‘चक्र’ कल्पिले आणि चक्राचे दिवस ४०१६ धरले. त्यामुळे त्याचा अहर्गण कधी चार अंकांच्या वर जातच नाही.

ही ४०१६ ची निवड कशी मार्मिक आहे ते पाहण्यासारखे आहे. अकरा वर्षांत सामान्यतः चार अधिकमास धरून १३६ चांद्रमास होतात, आणि १३६ चांद्रमासांचे दिवस सुमारे ४०१६.१६. म्हणजे चक्र जवळजवळ पुऱ्या अमावास्यांचे आहे. चूक राहते ती एका दिवसाच्या सुमारे षष्ठांशाची. म्हणूनच अहर्गण काढताना चक्रसंख्येचा सहावा भाग मिळविण्यास गणेश सांगतो. त्या ‘षष्ठांशा’चे कारण मात्र तो सांगत नाही. हा त्याच्या शैलीचा पहिला नमुना होय.

प्रत्यक्ष उदाहरणानेच हे स्पष्ट होईल. शके १९३६ च्या भाद्रपद अमावास्येस, २४ सप्टेंबर २०१४ रोजी सकाळी, भारताचे मंगळयान मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले. त्या दिवसाचा अहर्गण ग्रहलाघवाच्या रीतीने काढून पाहावा. १९३६ मधून १४४२ वजा जाता ४९४. त्यास ११ ने भागता चक्रे ४४ व शेष १०. शेषास १२ ने गुणून चैत्रापासून गेलेले ५ मास मिळविता १२५. त्यात चक्राची दुप्पट ८८ व आणखी १० मिळवून ३३ ने भागता ६ अधिकमास येतात. ते मूळच्या १२५ मध्ये मिळवून १३१. ह्यांस ३० ने गुणून गततिथी २९ मिळविता ३९५९. चक्राचा षष्ठांश ७ घेता ३९६६. ह्यास ६४ ने भागता ६१ क्षयदिवस. ते उणे करता अहर्गण ३९०५. वाराच्या ताळ्यासाठी चक्राची पाचपट, म्हणजे २२०, मिळवून ४१२५ ला ७ ने भागावे. शेष २ राहते, आणि शून्य म्हणजे सोमवार ह्या गणनेने वार येतो बुधवार. मंगळयान पोहोचले तो दिवस बुधवारच होता. ४४ चक्रांचे दिवस आणि ३९०५ मिळून १,८०,६०९ होतात. १९ मार्च १५२० ह्या जुन्या पद्धतीच्या तारखेपासून २४ सप्टेंबर २०१४ पर्यंत लोटलेले दिवस तितकेच आहेत. पाच शतकांनंतर, पाटीवर मावणाऱ्या आकड्यांनी, एका दिवसाचाही फरक न पडता हे उत्तर यावे, ही गोष्ट ‘लाघव’ ह्या शब्दाला पुरेपूर सार्थ करणारी आहे.

ह्या रीतीत येणारे दोन शब्द भाषादृष्ट्या लक्षणीय आहेत. चक्रारंभी ग्रह जेथे होता ते आरंभस्थान ‘क्षेपक’, कारण ते शेवटी गणितात ‘टाकावयाचे’ असते. आणि एका चक्रात ग्रह पुऱ्या फेऱ्यांहून जितका मागे राहतो ते ‘ध्रुवक’, कारण ते चक्रागणिक अढळ असते. सूर्याचा ध्रुवक १ अंश ४९ कला ११ विकला आहे : ४०१६ दिवसांत सूर्य अकरा फेऱ्यांस तेवढ्याने कमी पडतो. ‘क्षिप्’ हा धातू मराठीत पुढे किती दूर गेला हे पाहण्यासारखे आहे. पोथीत मागाहून घुसविलेला श्लोक प्रक्षिप्त, युद्धातले क्षेपणास्त्र, आणि अग्निबाणाचे प्रक्षेपण. ह्या सर्वांचा गणितातील भाऊ म्हणजे हा क्षेपक. आजच्या यानाचे गणित करणारालाही प्रक्षेपणाच्या क्षणी यान कोठे होते व त्याचा वेग काय होता हे आरंभमूल्य म्हणून द्यावेच लागते.

ग्रंथाची खरी प्रतिष्ठा ज्या एका गोष्टीवर उभी आहे ती म्हणजे ज्याचापांचा त्याग. ग्रह सारख्या गतीने चालत नाहीत. मध्यम ग्रहावरून स्पष्ट ग्रह काढण्यासाठी मंदफल व शीघ्रफल असे दोन संस्कार करावे लागतात, आणि ह्या दोहोंना सिद्धान्तात ज्या, कोटिज्या, कर्ण अशी सारी त्रिकोणमिती लागते. गणेशाने ती संपूर्ण वगळली. पूर्वीच्या प्रौढ गणकांनी क्वचित कोठे ज्येवाचून काही साधले आणि तेवढ्यावर ते गर्वाच्या शिखरावर चढले. येथे तर सिद्धान्तातले सर्वच ज्येवाचून केले आहे, परंतु तो गर्व आपल्या ठायी नसो, कारण आपली बुद्धी त्यांच्याच शास्त्राने वाढली, अशा आशयाचा श्लोक त्याने ग्रंथात घातला आहे. गर्व नको म्हणण्याचीही ही एक रीत आहे.

मंगळाच्या शीघ्रफलासाठी तो पंधरा-पंधरा अंशांच्या अंतराने अंक देतो : ५८, ११७, १७४, २२८, २७९, ३२५, ३६५, ३९३, ४००, ३६८, २४९ आणि शेवटी शून्य. ह्यांस दहाने भागले की अंश मिळतात. मधल्या अंशांसाठी त्रैराशिक करावयाचे. आज ज्ञात असलेल्या मंगळ व पृथ्वी ह्यांच्या सूर्यापासूनच्या अंतरांवरून, कक्षा वर्तुळाकार मानून, तेच कोन काढले तर पहिला सुमारे ५.९ अंश येतो, एकशेपस्तिसाव्या अंशावरचा सुमारे ४०.९, आणि एकशेपासष्टाव्यावरचा सुमारे २४.९. म्हणजे कोष्टकाचे खांब उत्तम रोवलेले आहेत.

परंतु दोन खांबांमधली दोरी सरळ आहे आणि मंगळाची वाट वक्र आहे. १५० पासून १८० अंशांपर्यंत शीघ्रफल ३६८ वरून २४९ वर आणि तेथून एकदम शून्यावर उतरते. ह्या उतारावर त्रैराशिक लंगडे पडते. १५७॥ अंशांवर ते सुमारे ३०.९ अंश देते, तर वक्ररेषेवरचे मूल्य सुमारे ३२.५ आहे, १७२॥ अंशांवरही सव्वा अंशाहून अधिक अंतर पडते. पूर्ण चंद्राचे बिंब अर्ध्या अंशाचे असते हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या चुकीचे मान कळते. आणि ती पडते कोठे? १८० अंश शीघ्रकेंद्र म्हणजे मंगळ सूर्यासमोर येण्याची स्थिती, ज्या सुमारास तो वक्री असतो, पृथ्वीला सर्वांत जवळ असतो आणि रात्रभर तेजाने तळपतो. ज्या महिन्यांत सामान्य माणूसही मंगळाकडे मान वर करून पाहील नेमक्या त्याच महिन्यांत कोष्टक सर्वांत कच्चे आहे. शेवटच्या दोन टप्प्यांपुरती पाच-पाच अंशांची पायरी केली असती तर चार अंक वाढले असते आणि हा दोष बहुतांशी गेला असता. ते केले नाही ह्याचे कारण गणिती दिसत नाही, रचनेचे दिसते : सर्व ग्रहांना बारा-बारा अंकांची एकसारखी ओळ हवी, म्हणजे पाठ करण्यास सोपी. येथे छंदाने गणितावर कुरघोडी केली, असेच म्हणावे लागते.

छंदाचा विषय निघाला असता, ग्रंथाच्या आरंभीच्या मध्यमाधिकारातील एका शार्दूलविक्रीडिताचा विचार अपरिहार्य होतो. कोणता ग्रह कोणत्या पक्षाच्या गणिताने आकाशाशी जुळतो हे त्यात सांगितले आहे. सूर्य आणि चंद्राचे उच्च सौरपक्षाचे. चंद्र त्याच पक्षाचा पण नऊ कला उणा. गुरू, मंगळ व राहू आर्यपक्षाचे. बुधाचे केंद्र ब्रह्मपक्षाचे. शनी आर्यपक्षाचा पण पाच अंश अधिक. शुक्राचे केंद्र ब्रह्म व आर्य ह्यांच्या मधले. एवढा आशय एकोणीस अक्षरांच्या चरणांत बसविताना भाषेला किती पीळ दिला आहे पाहा. नऊ ह्या संख्येसाठी ‘अंक’, कारण अंक नऊ. पाचासाठी ‘इषु’, कारण मदनाचे बाण पाच. चंद्र ‘अब्ज’ म्हणजे पाण्यातून जन्मलेला, मंगळ ‘असृक्’ म्हणजे रक्त, बुध केवळ ‘ज्ञ’. ब्रह्मपक्षाचा उल्लेख एकाच श्लोकात एकदा ‘क’ ह्या एकाक्षराने आणि पुन्हा ‘अज’ ह्या शब्दाने आला आहे. ज्याला संकेत ठाऊक आहेत त्याला हा श्लोक म्हणजे एक संपूर्ण कोष्टक. ज्याला नाहीत त्याला निव्वळ कोडे.

मात्र श्लोकात जे आहे त्यापेक्षा जे नाही ते अधिक खटकते. नऊ कला उणा चंद्र आणि पाच अंश अधिक शनी ही मूल्ये कोणत्या वेधांनी आली? किती रात्री, कोणत्या ताऱ्यांशी झालेल्या कोणत्या युती पाहून? गणेश सांगत नाही. केशवाने आपल्या ग्रंथावरील गद्य टीकेत ग्रहांच्या युती पाहून निरनिराळ्या पक्षांच्या गणिताशी कसे अंतर आढळले हे लिहून ठेवले, आणि पुढच्या गणकांनीही असेच ताडून पाहावे असे सुचविले. पित्याचे गद्य वेधाची हकीकत सांगते, पुत्राचे पद्य फक्त निकाल देते. ‘दृक्तुल्यता’ हा शब्द दोघांकडेही आहे. परंतु पद्यात तो ग्वाही म्हणून येतो, पुरावा म्हणून नव्हे. शनीच्या बाबतीत तीनही पक्ष नापसंत करून पाच अंशांची भर घालण्याचे धैर्य ज्याला झाले त्याने त्या धैर्याचा आधार दोन ओळींत तरी सांगावयास हवा होता.

येथून त्या जुन्या आक्षेपाकडे वळता येते. ग्रहलाघव इतके सोपे झाले की लोकांनी सिद्धान्त वाचणे सोडले. ज्योतिषी गणक न राहता रीत घोकणारा झाला. त्यामुळे महाराष्ट्रातील ज्योतिर्गणिताच्या ऱ्हासाचे काही उत्तरदायित्व गणेशाकडे जाते, असे म्हटले जाते. हा आक्षेप ऐकावयास न्याय्य वाटतो. परंतु ह्याच गणेशाने शके १४६७ मध्ये, म्हणजे १५४५ साली, भास्कराचार्यांच्या लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, आणि उपपत्ती हेच तिचे वैशिष्ट्य आहे; रीत का चालते हे सांगण्याची हौस तिच्या पानापानांवर आढळते. म्हणजे ज्याला कारण सांगता येत नाही अशा माणसाचे मौन ग्रहलाघवात नाही. करण हा हाताशी ठेवण्याचा ग्रंथ आणि टीका हा शिकविण्याचा ग्रंथ, अशी विभागणी त्याने पाळली. गोदातीरीच्या गोलग्रामचा दिवाकर दैवज्ञ हा गणेशाचा शिष्य. त्याच्या पुत्रांपैकी मल्लारीने ग्रहलाघवावर टीका लिहून उपपत्ती दिल्या आणि विश्वनाथाने उदाहरणे सोडवून दाखविली. श्लोकाने जे गाळले ते पुढे गद्याने भरून काढले गेले. हे त्रिविध वाङ्मय, म्हणजे मूळ श्लोक, उपपत्ती आणि उदाहरण, एकत्र शिकविले गेले असते तर आक्षेपाला जागाच उरली नसती. पुढच्या काळात श्लोक व उदाहरण टिकले आणि उपपत्ती मागे पडली. दोष असेल तर तो पाठशाळेच्या निवडीचा आहे, ग्रंथकाराचा नव्हे.

तरीही गणेशाला संपूर्ण दोषमुक्त करता येत नाही. सूर्यसिद्धान्तीय वर्षमान शुद्ध नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेआठ पळांनी मोठे आहे, आणि ते सूर्याच्या ध्रुवकात दडलेले आहे. पाच शतकांत ह्याचा संचय एका दिवसाच्या वर जातो. सिद्धान्ताच्या भाषेत वर्षमान उघड असते, त्यामुळे त्यावर वाद होऊ शकतो. १ अंश ४९ कला ११ विकला ह्या आकड्यात ते दिसत नाही. ज्या मूल्याला दिसणारे नाव नाही त्याला बदलण्याची गरजही कोणाला भासत नाही. पंचांगशोधनाचा वाद महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लांबला त्यामागे पाश्चात्त्य गणिताचा परिचय उशिरा झाला हे कारण तर आहेच, पण हेही आहे.

तो वाद ज्यांनी पेटविला ते केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, ह्याच किनाऱ्यावरचे. त्यांचे गाव नागाव, अलिबागच्या दक्षिणेस. अलिबागहून नागाव, चौल, रेवदंडा, कोर्लई, काशीद असा जो रस्ता मुरुडास जातो त्याच्यावरच पुढे नांदगाव लागते. केरूनाना मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम करीत होते. (कुलाबा हेच नाव ह्या जिल्ह्यालाही होते, ते १९८१ मध्ये रायगड झाले, आणि त्याच वेधशाळेचे चुंबकीय निरीक्षणाचे काम १९०४ पासून अलिबागेस सुरू झाले. नावांची आणि कामांची अशी अदलाबदल ह्या किनाऱ्याने पाहिली आहे.) १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे गणित युरोपीय, भाषा मराठी. शीर्षकातच क्रांती आहे : लाघव गेले, साधन आले, श्लोक गेला, कोष्टक आले. ज्याचे त्रैराशिक डोळ्यांसमोर छापलेल्या स्तंभांत करावयाचे आहे त्याला पाठांतराची गरज नाही, आणि म्हणून बारा अंकांच्या मर्यादेचीही नाही. मंगळाच्या बाबतीत वर जो दोष दाखविला तो मुद्रणाने आपोआप दूर होण्याजोगा होता.

परंतु केरूनानांनी संज्ञा बहुतांशी जुन्याच ठेवल्या, आणि हे त्यांचे फारसे न वाखाणले गेलेले शहाणपण आहे. राशी, अंश, कला, विकला, मध्यम, स्पष्ट, संस्कार हे शब्द पंचांगकर्त्याच्या तोंडचे होते. त्यांत नवे गणित ओतता आले. रेवतीच्या योगताऱ्याच्या निवडीवरून त्यांच्या पंचांगाशी इतर पंचांगांचा सुमारे चार अंशांचा अयनांशभेद पडला आणि त्यावर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक हे त्यांच्या बाजूचे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. भाषेच्या दृष्टीने अधिक मनोरंजक गोष्ट ही की, सुमारे चार दशकांनंतर व्यंकटेश बापूजी केतकरांनी आधुनिक मूल्यांचेच गणित ‘केतकी ग्रहगणित’ ह्या नावाने पुन्हा संस्कृत श्लोकांत बांधले. मराठी गद्याने वाट मोकळी करून दिल्यावरही विद्वानाला श्लोक हवासा वाटला, कारण अखिल भारतातील पंचांगकर्त्यांपर्यंत पोहोचण्याचे साधन तेच होते. नागावची वाट सरळ पुढे गेली असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

आता आजच्या शब्दांकडे. यान ‘कक्षेत’ सोडले, ‘कक्षा उंचावली’ असे आज सर्रास लिहिले जाते, आणि ह्या शब्दावाचून चालणारही नाही. परंतु जुन्या गणितात कक्षावृत्त म्हणजे पृथ्वीला मध्य कल्पून काढलेले ते वर्तुळ, ज्यावर मध्यम ग्रह फिरतो. खरा ग्रह त्यावर नसतोच. तो असतो प्रतिवृत्तावर, ज्याचा मध्य पृथ्वीपासून सरकलेला असतो. म्हणजे ज्या रेषेवर वस्तू प्रत्यक्षात नाही तिचे नाव आज प्रत्यक्ष मार्गाला मिळाले आहे. अर्थांतराची अशी उदाहरणे भाषेत विपुल आहेत आणि त्याविषयी खेद करण्याचे कारण नाही. खेद वाटतो तो दुसऱ्या गोष्टीचा. ‘मंदोच्च’ हा शब्द, म्हणजे ज्या टोकाशी गती सर्वांत मंद आणि अंतर सर्वांत उच्च ते स्थान, एका शब्दात भूमिती आणि गती दोन्ही सांगणारा होता. पाठ्यपुस्तकांतील ‘अपसूर्य’ व ‘उपसूर्य’ हे शब्द नेटके आहेत, पण ते केवळ अंतर सांगतात. दूर असताना वस्तू मंदावते हे विद्यार्थ्याला वेगळे शिकवावे लागते. पृथ्वीभोवती लंबगोल कक्षेत फिरविलेल्या यानाला पुढे ढकलण्यासाठी इंजिन पृथ्वीजवळच्या टोकाशी, वेग सर्वाधिक असताना पेटवितात. चंद्रयान-३ च्या वेळी २०२३ च्या जुलैत असेच टप्प्याटप्प्याने करण्यात आले. हा विचार ‘उच्च’ आणि ‘मंद’ एकत्र बांधणाऱ्या परिभाषेत अधिक लवकर उमगला असता.

शीघ्रकेंद्राचेही तसेच. जर्मन अभियंता वाल्टर होमान ह्याने १९२५ मध्ये दाखवून दिले की, पृथ्वीच्या कक्षेला एका टोकाशी व मंगळाच्या कक्षेला दुसऱ्या टोकाशी स्पर्श करणाऱ्या लंबगोलाच्या अर्ध्या वाटेने गेल्यास कमी इंधनात मंगळ गाठता येतो. ह्या अर्ध्या वाटेला सुमारे २५९ दिवस लागतात. तेवढ्या काळात मंगळ सुमारे १३६ अंश चालतो. म्हणून निघताना तो पृथ्वीच्या सुमारे ४४ अंश पुढे असावा लागतो. ग्रहलाघवाच्या परिभाषेत हे सांगावयाचे तर मंगळाचे शीघ्रकेंद्र १३६ अंशांच्या आसपास असता निघावे. बाह्य ग्रहाचे शीघ्रोच्च म्हणजे मध्यम सूर्यच असल्याने हे रूपांतर नुसत्या वजाबाकीचे आहे. कोष्टकात चारशेचा सर्वोच्च अंक १३५ अंशांवर पडतो हा योगायोग. पण निघण्याचा मुहूर्त सुमारे ७८० दिवसांनीच का येतो ह्याचे उत्तर योगायोगाचे नाही, कारण शीघ्रकेंद्राची एक फेरी तितक्याच दिवसांची आहे. मंगळ सूर्यासमोर आला ८ एप्रिल २०१४ रोजी. मंगळयानाने पृथ्वीची कक्षा त्याआधी चार महिने, १ डिसेंबर २०१३ रोजी सोडली आणि होमानच्या वाटेहून काहीशा लांब वाटेने ते सुमारे तीनशे दिवसांनी पोहोचले. प्रक्षेपणाच्या ‘खिडकी’विषयी मराठीत जे लिहिले जाते ते इंग्रजी रूपकाचे ओझे वाहते, पंचांग पाहणाऱ्या समाजाला ‘मंगळाचे शीघ्रकेंद्र’ हा शब्द इतका परका वाटावयास नको होता.

राहता राहिला ‘संस्कार’. गणिताने आलेला ग्रह आकाशाशी जुळला नाही म्हणजे त्याला बीजसंस्कार द्यावयाचा, हा जुना संकेत. गणेशाच्या शनीचे पाच अंश हा असाच संस्कार. मंगळयानाच्या वाटेवरही तीन वेळा दुरुस्ती करावी लागली : ११ डिसेंबर २०१३, ११ जून २०१४ आणि पोहोचण्याच्या दोन दिवस आधी २२ सप्टेंबर २०१४. मधली, ऑगस्टमधील, नियोजित दुरुस्ती वेधांनी अनावश्यक ठरविली म्हणून वगळण्यात आली. शेवटच्या खेपेस मुख्य इंजिन अवघे चार सेकंद पेटविले गेले. नांदगावच्या गणकाला ग्रह हलविता येत नव्हता, म्हणून त्याने आकडा हलविला. येथे आकड्याप्रमाणे यान हलविण्यात आले. परंतु दोन्हीकडे आधी वेध, मग अंतर, मग संस्कार हा क्रम तोच आहे. फरक एवढाच की, ह्या दुरुस्त्यांच्या तारखा आणि कारणे लेखी नोंदली गेली आहेत, आणि गणेशाचे पाच अंश कोणत्या रात्री ठरले हे कळण्यास मार्ग नाही.